इंजिन एका दिवसात बसत नाही

कोणत्याही बाजारगावात मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे तासभर उभे राहा. एक वाक्य हमखास कानावर पडेल. "अहो, काल रात्रीपर्यंत झक्क चालत होती, आज एकाएकी बसली बघा!" मिस्त्री त्यावर काही बोलत नाही. तो ऑइलची काडी काढतो, फडक्याने पुसतो, पुन्हा आत घालून बाहेर काढतो आणि मालकासमोर धरतो. काडी कोरडी असते. मग तो एवढेच विचारतो, "ऑइल कधी बघितलं होतं?" या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही.

इंजिन एकाएकी बंद पडते हे खरे. पण ते एकाएकी बिघडत नाही. मातीची भिंत पावसाळ्यात एका रात्रीत कोसळते, पण तिच्या पायात पाणी दोन-चार वर्षे मुरत असते. इंजिनाचेही तसेच आहे. बंद पडण्याचा दिवस हा शेवटचा दिवस. त्याच्याआधी कित्येक महिने आत झीज चाललेली असते. ती कशी होते आणि तिला आवर घालणे आपल्या हातात किती आहे, एवढेच आज पाहू. त्यासाठी मिस्त्री होण्याची गरज नाही. हातपंपाचा दट्ट्या कसा चालतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे सारे समजेल.

विषय लहान वाटेल, पण लहान नाही. मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. डेअरीवर दूध तिच्यावरून जाते, बाजारात भाजी तिच्यावरून जाते, वाडीवस्तीवरच्या शाळेतले गुरुजी तिच्यावरून येतात. एसटी दिवसातून दोनदाच येते अशा गावात रात्री कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, तर दवाखान्यापर्यंत पोचवणारे वाहन बहुतेक वेळा हेच. बैलजोडीसारखी ही घरातली कमावती वस्तू आहे. ती ऐन वेळी दगा देईल की साथ देईल, हा त्या घराच्या जिव्हाळ्याचा प्रश्न होय.

तर आधी इंजिनाच्या आत डोकावू. सिलिंडर म्हणजे एक गुळगुळीत नळकांडे. त्यात पिस्टन नावाचा दट्ट्या वर-खाली धावतो. खाली जाताना तो हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढतो, वर येताना ती दाबतो, प्लगच्या ठिणगीने ती पेटते व पिस्टनला जोराने खाली ढकलते, आणि पुन्हा वर येताना तो जळका धूर बाहेर घालवतो. पिस्टनच्या या चार धावांचे इंजिन ते फोर-स्ट्रोक. खालच्या बाजूस कनेक्टिंग रॉड आणि क्रँक या वर-खाली होण्याचे गोल फिरणे करतात आणि ते गिअर व साखळीमार्फत मागच्या चाकाला पोचते.

आता थोडे गणित. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांतले एक प्रसिद्ध इंजिन घेऊ. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन बोटांची वाट. वरच्या गिअरमध्ये गाडी एक किलोमीटर गेली की क्रँक साडेपाच हजारांच्या आसपास फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर चालतो. गुणाकार करून पाहा: रस्त्यावरच्या एक किलोमीटरला पिस्टन आत अर्ध्या किलोमीटरहून अधिक घासत जातो. गाडीचे ७५,००० किलोमीटर पुरे होतात तेव्हा तीन बोटांच्या वाटेवर येरझारा घालून त्याने ४०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या घेराएवढे अंतर तोडलेले असते. शिवाय दर किलोमीटरला अकरा हजार वेळा थांबून त्याने उलट दिशा धरलेली असते. ताशी पन्नासच्या वेगाला त्या लहानशा पोकळीत दर सेकंदाला अडतीस वेळा भडका उडत असतो.

आणि हा भडका साधा नव्हे. जळत्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा, ते तर ६६० अंशांनाच वितळते! मग पिस्टन वितळत का नाही? कारण भडका क्षणभरच टिकतो आणि त्याची उष्णता पिस्टनकडून रिंगांमार्फत सिलिंडरच्या भिंतीला, तिथून बाहेरच्या पाकळ्यांना आणि पाकळ्यांवरून वाऱ्याला सतत दिली जाते. उरलेली उष्णता ऑइल वाहून नेते. याचा अर्थ असा की, इंजिन दर क्षणी स्वतःच्याच आगीपासून थोडक्यात वाचत असते. उष्णता वाहून नेण्याची ही वाट कुठेही अडली की धोका सुरू झाला.

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. तेवढ्या फटीत ऑइलचा एक अतिशय पातळ थर असतो आणि धातू धातूला न टेकता त्या थरावरून घसरत असतो. पाण्यावरून नाव जावी तसे हे आहे. थर आहे तोवर झीज नाममात्र. थर तुटला की धातूवर धातू घासतो, गरम होतो, फुगतो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. त्यामुळे ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी नळीत फुगून घट्ट बसतो. यालाच आपण इंजिन जाम होणे किंवा बसणे म्हणतो.

म्हणून इंजिनाचे आयुष्य कशावर अवलंबून असते, असे कुणी विचारले तर एका वाक्यात उत्तर देता येईल: त्या ऑइलच्या थरावर. बाकीच्या बहुतेक कारणांची वाट शेवटी तिथेच येऊन मिळते.

वंगण ही काही आपल्या शेतकऱ्याला नवी गोष्ट नाही. बैलगाडीच्या आखाला वंगण कमी पडले की चाक कुरकुरू लागे आणि गाडीवान आपोआप खाली उतरे. विहिरीवर डिझेलचे इंजिन होते तेव्हा चक्र फिरवण्याआधी ऑइल पाहण्याची शिस्त घरातल्या पोरालाही असे. मग मोटारसायकलच्या बाबतीतच ही शिस्त का सुटली? याला आपल्या रस्त्यांवर झालेला एक बदल कारण आहे. तो समजून घेण्याजोगा आहे.

पूर्वी खेड्यापाड्यांत ज्या गाड्या धावत, त्यांतल्या पुष्कळशा टू-स्ट्रोक होत्या. एस्कॉर्ट्सची राजदूत, म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी, १९७२ साली आलेली किनेटिकची लूना, या सगळ्या त्या जातीच्या. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे ऑइल पेट्रोलबरोबरच आत जाते आणि जळून संपते. त्यामुळे पंपावर पेट्रोल घेताना ऑइलही मागावे लागे. "दोन लिटर पेट्रोल आणि ऑइल" असे एकाच दमात म्हणायची जिभेला सवय होती. ऑइल विसरले तर थोड्याच अंतरावर इंजिन धरायचे. दुसराही एक धोका होता. लांबलचक घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण बंद केला तर पेट्रोल थांबे, पेट्रोलबरोबर ऑइलही थांबे, आणि इंजिन मात्र चाकाच्या जोराने फिरतच राही. जाणते लोक उतारावर मधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा पिळत, तो यासाठी. धूर काढणारी, पेट्रोल पिणारी ही गाडी. पण तिने मालकाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. ऑइलशिवाय घर सोडायचे नाही.

मग चित्र पालटले. १९८४ साली हीरो आणि जपानची होंडा यांची भागीदारी झाली आणि १९८५ मध्ये त्यांची सीडी १०० ही गाडी बाजारात आली. पुढे जवळजवळ आडवे झोपलेले तिचे लहानसे फोर-स्ट्रोक इंजिन होंडाच्या सुपर कबच्या घराण्यातले. १९५८ साली निघालेल्या या सुपर कबच्या गाड्यांची संख्या २०१७ साली दहा कोटींवर गेली. यावरून त्या घराण्याचा कस ध्यानात यावा. सीडी १०० एका लिटरमध्ये जे अंतर तोडी, ते ऐकून लोक थक्क झाले. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात फार गाजली. १९९४ साली स्प्लेंडर आली. सन २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मोटारसायकली नव्याने निघणे हळूहळू थांबले.

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल इंजिनाच्या तळाशी साठवलेले असते. पंप ते वर चढवतो आणि ते पुन्हा खाली येते. पेट्रोल भरताना त्याची आठवण होण्याचे कारणच उरले नाही. जाहिरातीने पेट्रोल विसरा म्हटले होते. लोकांनी ऑइलही विसरून टाकले! गाडी इतकी गुणी, की विसरले तरी महिनोन्‌महिने तक्रार करीत नाही. पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा समोर असतो, पण बहुतेक लहान गाड्यांना ऑइल कमी झाल्याचे सांगणारा दिवा नसतो. बैलगाडीचे चाक कुरकुरत तरी होते. हे इंजिन जेव्हा कुरकुरते तेव्हा पुष्कळसे नुकसान होऊन गेलेले असते. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असे आपण म्हणतो. पण इथे म्हशीचा दोष नाही. तिला वेळेवर वैरण-पाणी दाखवले नाही, दोष तो आहे.

भरवसा हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, हेही इथे सांगितले पाहिजे. एक भरवसा न बिघडण्याचा, दुसरा दुरुस्त होण्याचा. मद्रासला १९५५ साली एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि पुढे बुलेट तिथे बनू लागली. तिचे बिडाचे इंजिन धीम्या चालीचे. त्यातून ऑइल झिरपे, काही ना काही सैल होई. पण ती रोज काहीतरी मागे म्हणून मालक रोज तिच्याकडे पाही. हत्यारे आणि जाणता मिस्त्री असला की ती पुन्हा उभी राही. अशा कितीतरी जुन्या बुलेट आजही चालतात. शंभर सीसीची गाडी फारसे काही मागत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी पाहत नाही. गाडी दीर्घकाळ टिकते ती केवळ कारखान्याच्या पुण्याईवर नव्हे. चांगली घडण आणि मालकाची नजर या दोन चाकांवर तो गाडा चालतो.

आता तुम्ही विचाराल, ऑइल बाहेर गळत नाही, मग कमी कसे होते? रिंगा आणि वॉल्व्हच्या सीलांजवळून त्याचा थोडा थोडा अंश वर जाऊन पेट्रोलबरोबर जळतो. नव्या गाडीत अगदी नगण्य, जुन्या गाडीत अधिक. समजा, एखादी जुनी गाडी हजार किलोमीटरला शंभर मिलिलिटर ऑइल खाते. डोळ्यांना धूरही नीट दिसणार नाही. पण अशा गाडीत असते किती, तर सुमारे एक लिटर. पाच हजार किलोमीटर काडी पाहिलीच नाही तर अर्धे संपले! उरलेल्या अर्ध्याला तेच काम, तीच उष्णता आणि तोच मळ वाहायचा. त्यात आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट लागला, मागे दोन माणसे असली, तर वर चढणाऱ्या गाडीत ऑइल एका बाजूला सरकते आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढू लागतो. ऑइल सर्वांत वर असलेल्या कॅमला सर्वांत उशिरा पोचते, म्हणून पहिली झीज बहुधा तिथे दिसते.

ऑइल नुसते कमी होत नाही, ते जुनेही होते. सतत तापून त्याचा चिकटपणा बिघडतो. त्यात काजळी येते, धातूचा कीस येतो, पाणीही येते. पाणी कुठून येते? एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, म्हणून आपल्याला कळत नाही. पण ज्याची गाडी घरापासून डेअरीपर्यंत आणि परत एवढीच चालते, तिचे इंजिन पुरते तापतच नाही. थोडी वाफ आतल्या आत थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल भरण्याच्या झाकणाला आतून ताकासारखा पांढरट फेस दिसला, तर तो याचा. म्हणून 'माझी गाडी फार फिरतच नाही' असे म्हणणाऱ्यानेही वर्षातून एकदा तरी ऑइल बदललेच पाहिजे. काळे झालेले ऑइल पाहून मात्र घाबरू नये. मळ पोटात घेणे हे त्याचे कामच आहे. रंगापेक्षा पातळी आणि मुदत या दोन गोष्टी महत्त्वाच्या.

आणखी एक गोष्ट. मोटारसायकलचे ऑइल एकाच वेळी इंजिन, गिअर आणि बहुतेक गाड्यांत क्लच अशा तिघांची सेवा करते. म्हणून मोटारीसाठीचे ऑइल शिल्लक आहे म्हणून यात ओतू नये; त्यातल्या निसरडेपणा वाढवणाऱ्या द्रव्यांनी क्लच घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' ही खूण आणि पुस्तिकेत दिलेला क्रमांक पाहून घ्यावे.

ऑइलच्या खालोखाल वैरी म्हणजे धूळ. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याने ट्रॅक्टरच्या मागे गाडी चालवता, तेव्हा ही नऊ हजार लिटर हवा कसली असते ते तुमच्या शर्टाकडे पाहून कळेल. मातीतल्या वाळूचा कण लोखंडाहून कठीण असतो. तो ऑइलच्या थरात मिसळला की ऑइलचा पॉलिश पेपर होतो आणि रिंगा व सिलिंडर घासून काढतो. या दारावरचा राखणदार म्हणजे एअर फिल्टर. 'पिकअप वाढतो' म्हणून काही तरुण तो काढून टाकतात. हे पिठाच्या चाळणीला आपणच भोक पाडण्यासारखे आहे. स्पंजाचा फिल्टर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुऊन वाळवून बसवावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये, तो बदलावा. धुळीच्या मुलखात पुस्तिकेतल्या मुदतीच्या आधीच तो पाहावा, कारण पुस्तिका सर्वसाधारण रस्ता धरून लिहिलेली असते; तुमचा रस्ता तुम्हालाच ठाऊक.

तिसरी गोष्ट उष्णतेची. पावसाळ्यात शेताचा चिखल सिलिंडरच्या पाकळ्यांत बसतो आणि वाळून घट्ट होतो. मातीचा लेप दिलेली चूल जशी ऊब धरून ठेवते, तसे इंजिन मग उष्णता धरून ठेवते. चाके धुतली नाहीत तरी एक वेळ चालेल, पण पाकळ्या मोकळ्या ठेवा. इंजिन तापलेले असताना मात्र त्यावर गार पाणी मारू नका. तसेच, सकाळी गाडी सुरू होताक्षणी जोराने रेस करू नये. रात्रभर ऑइल तळाशी उतरलेले असते, ते वर पोचायला काही क्षण लागतात. दहा मिनिटे उभी ठेवून तापवण्याचीही गरज नाही. अर्धा-एक मिनिट थांबावे आणि पहिला किलोमीटर सावकाश जावे.

टॅपेटच्या आवाजाबद्दल एक गैरसमज आहे. बारीक टकटक ऐकू आली की मालक म्हणतो, "मिस्त्री, एकदम घट्ट करा, आवाज नको." हे धोक्याचे आहे. वॉल्व्ह पूर्ण मिटला म्हणजे त्याची उष्णता त्याच्या बैठकीतून निघून जाते. टॅपेट फार घट्ट केला तर वॉल्व्ह पुरता मिटत नाही, उष्णता साठते आणि वॉल्व्हची कड जळते. थोडा बोलणारा टॅपेट परवडला, मुका परवडत नाही. पुस्तिकेत दिलेली फट गेजने मोजून ठेवणारा मिस्त्री खरा.

इंजिन बोलते, फक्त त्याची भाषा शिकली पाहिजे. बाजूने साखळी घासल्यासारखी खडखड आली तर टायमिंग चेन सैल झाली असावी. ओझे पडल्यावर खालून जाड, घणासारखी ठकठक आली तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असण्याचा संभव असतो. मग घरापर्यंतही चालवू नये. धुराचेही असेच. थंडीच्या सकाळी थोडा पांढरा धूर आला तर ती वाफ, चिंता नको. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. फिल्टर तुंबला आहे का पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तो सकाळी सुरू करतानाच क्षणभर येत असेल तर वॉल्व्हची रबरी सीले, आणि ॲक्सिलरेटर पिळताच वाढत असेल तर रिंगा झिजल्या, असा सर्वसाधारण अंदाज करावा. आणि धावती गाडी एकदम ओढ खाऊ लागली, कुणी मागून धरल्यासारखी झाली, तर तात्काळ क्लच दाबा. इंजिन जाम झाले तर मागचे चाकही जागीच अडकते आणि माणूस पडतो. कडेला घ्या, इंजिन निवू द्या, ऑइल पाहा. रागाने किक मारीत बसू नका.

नव्या गाड्यांबद्दल दोन शब्द. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर नव्या गाड्यांतला कार्बोरेटर बहुतेक गेला आणि पेट्रोल मोजून सोडणारी विजेची यंत्रणा आली. तिच्या बिघाडाचा दिवा समोर लागतो. पण तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. काडीचे काम काडीलाच करावे लागते. तसेच २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचले. आपल्या उसाशी नाते सांगणारे हे इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून शाळेच्या सुट्टीत किंवा अन्य कारणाने गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर तिला मधूनमधून पाच-दहा किलोमीटर फिरवून आणावे. जुन्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात.

मग करायचे काय? फार थोडे. दर पंधरा दिवसांनी सपाट जागी गाडी मधल्या स्टँडवर उभी करा. इंजिन थोडे चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटे थांबा आणि काडी पाहा. काही गाड्यांत काडी आट्यांवर फिरवून न बसवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. तुमच्या गाडीची रीत पुस्तिकेत दिलेली आहे. काही गाड्यांना काडीऐवजी काचेचा डोळा असतो. पातळी खालच्या खुणेजवळ आली की तेच ऑइल भर घाला, पण वरच्या खुणेच्या पुढे नको. बदलण्याची मुदत बहुतेक लहान गाड्यांना तीन ते सहा हजार किलोमीटरच्या दरम्यान दिलेली असते. धूळ, घाट आणि ओझे ज्याच्या नशिबी आहे, त्याने त्याच्या आधी बदलावे. आणि गाडीच्या डिकीत एक छोटी वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय केले, किती भर घातली. भर घालण्याचे प्रमाण वाढत चालले आहे असे वहीत दिसले की इंजिनाचे काम जवळ आल्याची ती आगाऊ चिठ्ठीच समजा. ती चिठ्ठी सहा महिने आधी मिळाली तर काम आपल्या सोयीने, हंगाम संपल्यावर करता येते. न मिळाली तर ते इंजिनाच्या सोयीने, भर पावसात करावे लागते.

शिक्षकांना एक विनंती. वरचे पिस्टनचे गणित सातवी-आठवीच्या मुलांना घालून पाहा. गुरुजींच्या गाडीचा आकडा फळ्यावर लिहा आणि पिस्टन आजवर किती किलोमीटर चालला ते मुलांना काढू द्या. घर्षण, उष्णतेने होणारे प्रसरण, ज्वलन आणि परिमाणे हे सगळे धडे एका यंत्रात सापडतात, आणि ते यंत्र शाळेच्या आवारातच उभे असते. त्या संध्याकाळी दहा घरांत दहा मुले वडिलांना विचारतील, "आप्पा, आपल्या गाडीचं ऑइल कधी बघितलं?" त्या प्रश्नाने जे होईल, ते माझ्या लेखाने होणार नाही.

शेवटी हिशेब पैशांचाच. एक लिटर ऑइलला आज तीन-चारशे रुपये पडतात. ऑइलविना इंजिन बसले की बोअर, पिस्टन, रिंगा, कदाचित क्रँक आणि मजुरी मिळून कित्येक हजार जातात. शिवाय चार-पाच दिवस दुसऱ्याच्या दारी गाडी मागत हिंडावे लागते ते वेगळेच. कारखान्याने यंत्र चांगले दिले आहे. पंधरा दिवसांतून दोन मिनिटे त्याच्याकडे पाहणे एवढेच आपल्याकडे उरते. तेवढे केले, तर अपरात्री कुणाच्या तरी जिवासाठी किक मारायची वेळ येईल तेव्हा गाडी निघेल.